ओव्हाळसाहेबांनी ज्यांना दुखावले

या गौरवग्रंथाच्या बैठकीत एक ठेकेदार म्हणाले, "ओव्हाळसाहेब म्हणजे देवमाणूस. कधी कुणाला दुखावलं नाही. सगळं गोडीगुलाबीनं मिटवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य छापले जाणार असे दिसले, म्हणून हा लेख लिहिणे मला भाग पडले. साहेबांनी माणसे दुखावली आहेत. ज्यांना दुखवायला हवे होते, त्यांना नेमके दुखावले आहे.

श्री. वसंतराव ओव्हाळ यांच्याशी माझी ओळख संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या कार्यालयात झाली. मी कायद्याची पदवी घेऊन काम मागायला गेले होते. माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "साइटवर याल ना? मग चपला चालणार नाहीत, बाई." साहेब स्थापत्य अभियंता, आणि बांधकामातले तंटे सोडवणारे मध्यस्थ. ठेकेदार आणि पोटठेकेदार यांचा तंटा ते टेबलाशी बसून ऐकत नसत. काम जिथे अडले तिथेच दोघांना उभे करत. त्यांचा नियम एकच, पण जाचक: प्रत्येकाने आधी समोरच्याची तक्रार सांगायची, आणि ती समोरच्याला पटेपर्यंत स्वतःची काढायची नाही.

चाकणच्या एका कारखान्याच्या इमारतीवर नामदेव शिंगाडे सेंटरिंगचे, म्हणजे स्लॅबचा साचा उभारण्याचे, पोटठेकेदार होते. काम अर्धवट सोडल्याचा ठपका ठेवून मुख्य ठेकेदाराने त्यांना नोटीस दिली, फाटकाबाहेर काढले आणि त्यांचे सामान आत अडकवून ठेवले. करारात असा अधिकार कुठेही नव्हता. चऱ्होलीचे नवे काम शिंगाड्यांच्या हातात होते. सामान मिळाले नसते तर ते कामही हातचे गेले असते आणि त्यांची माणसेही पांगली असती. करार मोडला एकाने, नोटीस मात्र दुसऱ्याला!

आम्ही पोहोचलो तेव्हा ठेकेदार हसत पुढे आले. "साहेब, घरातलंच भांडण आहे. चहा घेऊ, मिटवून टाकू."

"चहा नंतर. शिंगाड्यांची तक्रार सांगा."

"त्यांचं काय, ते म्हणतात, तुम्ही सळई दिली नाही, म्हणून आमच्या साच्याच्या प्लेटा नुसत्याच अडकून पडल्या."

"एवढंच का, शिंगाडे?"

"न्हाई साहेब. सामान दुसरीकडं न्यू का, इचारलं व्हतं. तर म्हणले, हात लावून बघ."

"हेही सांगा," साहेब ठेकेदारांना म्हणाले.

"आता तेच बोलले की."

"तुमच्या तोंडून हवं. आणि मोठ्यानं."

ठेकेदारांनी ते शब्द सगळ्या कामगारांसमोर उच्चारले. हसू मावळले होते.

"सळई दिली होती?"

"येणारच होती, साहेब."

"मग काम कुणी सोडलं?"

मग शिंगाड्यांची पाळी आली. ठेकेदारांची तक्रार सांगताना, आपण त्यांचे फोन उचलणे बंद केले होते, हे त्यांना कबूल करावे लागले. साहेबांनी त्यांनाही सोडले नाही. "काम थांबवलं ते बरोबर. पण तोंड लपवलं कशाला? तेव्हाच लेखी का दिलं नाही?"

"साहेब, आपल्याला पुढंही एकत्र कामं करायची आहेत," ठेकेदार हळूच म्हणाले.

"म्हणून तर आजच सांगतोय. त्यांचं सामान बाहेर काढा."

त्या ठेकेदारांकडून आमच्याकडे पुन्हा काम आले नाही. साहेबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. याला गोडीगुलाबी म्हणायचे असेल तर शब्दकोश बदला. ज्याचा माल अडकला आहे, त्याला 'जरा समजुतीनं घे' सांगणाऱ्यांची आपल्या धंद्यात कमी नाही. त्या रांगेत साहेबांना बसवू नका.

हा करडा माणूस घरच्यांसारखी काळजीही घेतो. माझे वडील पिंपरीच्या रुग्णालयात होते तेव्हा साहेब साइटवर जाण्याआधी डबा घेऊन येत. "खा आधी. रडायचं ते नंतर रडा," असे म्हणून माझ्या जागी स्वतः खाटेशेजारी बसत.

पंचाहत्तरीत साहेबांचे गुडघे कुरकुरतात, आवाज नाही. तो आवाज असाच खणखणीत राहो, आणि साइटचे जिने चढण्याची ताकद त्यांना पुढची अनेक वर्षे लाभो.

चाकणला त्या दिवशी मुख्य ठेकेदारांनी नामदेव शिंगाडे यांच्या हवाली केले ते असे: सेंटरिंगच्या सर्व प्लेटा, लोखंडी टेकू, लाकडी फळ्या, कामगारांच्या स्वयंपाकाची भांडी. सामान ठेकेदारांच्याच ट्रकने चऱ्होलीला पोहोचवले. नोटीस मागे घेतली. माफी सर्वांसमोर मागितली.