चुरीतलं गाणं

संत्र्याच्या सालीचा वास आला की सौंसरजवळचा आमचा बगीचा आठवतो. कॉलेजातले दोन मित्र नागपूरहून आले होते. झाडाखाली ताडपत्रीवर बसून आम्ही वडिलांसोबत संत्री निवडत होतो. मोठी क्रेटमध्ये तणसावर, बारीक फळं, म्हणजे चुरी, बाजूला. मोबाइलवर मित्रांचा लाडका रॉक बँड वाजत होता आणि त्यांचं सर्वांत भारी गाणं कोणतं, यावर दोघं हमरीतुमरीवर आले होते. मधेच एकानं विचारलं, "काका, तुम्हाला कोणतं आवडलं?" माझे हात थांबले. शाळेत न गेलेल्या माझ्या वडिलांना हे आता हसतील, नाहीतर उगाच वाहवा करतील, असं वाटलं. वडील म्हणाले, "मले त ते आवडलं, ज्यात तो पोट्टा गाता गाता मधातच गप्प होते. दम घेऊन राहिला वाट्टे." "काय काका, ते तर चुरीतलं गाणं आहे," मित्र तावातावानं म्हणाला. "तुले ना संत्रं समजत, ना गाणं," वडिलांनी सुनावलं. मग क्रेट भरेपर्यंत तिघं भांडत राहिले आणि माझा जीव भांड्यात पडला. आता ऑफिसात कोणी माझं म्हणणं तसं तावातावानं खोडून काढलं, की मला मान मिळाल्यासारखं वाटतं.