वन्संचे वाचक

माझ्या नणंदेची, म्हणजे वन्संची, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्तीनंतर त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागल्या. तिथे एकदा कायद्याच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. परीक्षा तोंडावर, आणि पुस्तक उशीएवढं जाड.

"एकटीच्या घशाने हे उरकायचं नाही, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "सगळ्या गावालाच वाचायला बसवू."

त्यांनी दारावर सूचना लावली. एक प्रकरण न्या, मोबाइलवर वाचून पाठवा. दर पानामागे किराण्याचं एक कूपन मिळेल. कुपनं समोरच्या दुकानदाराने दिली. हां हां म्हणता प्रकरणं येऊन पडली. मुलीसोबत ऐकायला बसलो, तर एक बाई धापा टाकत वाचत होत्या, एका गृहस्थांनी मधली पानंच गिळली होती. दुकानदाराने स्वतः करारांचं प्रकरण वाचलं होतं. त्यात कलमाच्या मधोमध तो कुणाला तरी सांगत होता, "साखर संपली, उद्या या."

"हे वाचतायत की बस पकडतायत?" वन्सं म्हणाल्या.

मुलगी आधी हसली, मग म्हणाली, "मावशी, एवढ्यावर मी पास व्हायची नाही."

वन्संनी कुपनं बंद केली.

"आता फुकट कोण घसा कोरडा करणार?" मी विचारलं.

"पलीकडून 'हं' आलं नाही, की लोक फोन ठेवून देतात. जन्मभर तेच पाहिलंय. यांना 'हं' कोण म्हणतंय?"

तेव्हापासून वाचणाऱ्याने सुरुवातीला आपलं नाव सांगायचं, आणि ऐकून झालं की मुलीने स्वतः त्याला फोन करायचा, असं ठरलं. निम्मे वाचक गळाले. उरलेल्यांत दुकानदार होता. मुलीने त्याला फोनवर विचारलं, "काका, अट मोडली तर करार संपतो, की साखरेसारखा उद्या मिळतो?"

दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्याने शटर ओढलं आणि ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग आणखी एक मागून नेलं. परीक्षेआधी पुस्तक पुरं झालं.

निकाल लागल्यावर वन्सं तिला घेऊन त्याच्या दुकानात गेल्या.

"काय देऊ?" त्याने सवयीने विचारलं.

"काही नको, काका. आवाज ओळखला. करार तुमचेच ना? पहिल्या वर्गात पास झाले."

त्याने गिऱ्हाइकांकडे पाठ केली आणि उगीच बरण्या पुसत राहिला.

आज तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ही वकील मी घडवली. धापा टाकणाऱ्या बाईही तेच सांगतात. वन्सं कुणाचंच खोडून काढत नाहीत. मीही काढत नाही. त्या पुस्तकाची प्रस्तावना मी वाचली होती.