नचालेलकर

या माणसाला बिनसाखरेचा चहा चालायचा, शिळी भाकरी चालायची, मे महिन्यात पत्र्याखाली बिनपंख्याचं बसणं चालायचं. फक्त 'चालेल' हा शब्द चालायचा नाही. आमच्या शेडमध्ये त्यांनी पहिल्या दिवशी पाय ठेवला, आम्हा सगळ्यांना विमानाच्या पंखाखाली उभं केलं आणि कुणाचं नावगाव न विचारता म्हणाले, "आजपासून इथे कुणी 'चालेल' म्हणायचं नाही. गुजराती 'चालशे'सुद्धा नाही. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, माझी हरकत नाही." दुपारच्या सुट्टीत आमच्या चिंधू फिटरनं त्यांचं बारसं केलं. नचालेलकर. त्यांचं खरं आडनाव मी सांगणार नाही. बडोद्यात त्यांची माणसं असतील, आणि मी जे लिहितोय ते काही गोडगोड नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सुरतेहून डुमसकडे जाताना माळावर एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेला आमची शेड. कापसावर आणि उसावर औषध फवारणारी दोन लहान विमानं तिथे उभी असत. एका सुरती शेठचा तो धंदा. कागदावर सही करणारा इंजिनिअर मुंबईहून अधूनमधून यायचा. एरवी विमानं आमच्या हातात. आणि आम्ही कोण, तर सुरतेतल्या कतारगामच्या लूमच्या कारखान्यांतून उचललेले खानदेशी फिटर. शेठला वाटलं, लूम दुरुस्त करतो तो विमानही करील. त्यात अगदीच काही चूक नव्हतं, आम्ही भरभर शिकलो होतो. सगळ्यांत पुढे माझा सख्खा मामा, दगडूमिस्त्री. मला शिरपूरहून त्यानंच आणलं, त्याच्याच खोलीत मी राहिलो, पाना कसा धरायचा तेही त्यानंच शिकवलं.

मामाची सारी कीर्ती एकाच गोष्टीची होती. त्याच्या हाताखालचं मशीन कधी बंद पडून उभं राहायचं नाही. लूमचा पट्टा तुटला तर मामा सुतळीनं बांधून पाळी संपेपर्यंत ओढून न्यायचा. मालक खूश, कारीगर खूश. कतारगामात मामा रस्त्यानं निघाला की कारखानदार ओट्यावरून उठून रामराम करायचे. लूम बंद पडलं तर कापड बिघडतं, एवढं मामाला कळत होतं. विमान बंद पडलं तर ते कुठे असतं, हा विचार करायची सवय आमच्यातल्या कुणालाच नव्हती.

मग तो प्रकार झाला. सकाळी पेट्रोलच्या रबरी नळीला चीर दिसली. दुसरी नळी सुरतेहून यायची होती. मामानं नळीला दोरा घट्ट गुंडाळला, वरून रोगण लावलं. इंजिन सुरू असताना विमान उडवणाऱ्या कॅप्टननं वरून ओरडून विचारलं, "चालशे?" मामानं खालून हात हलवला, "चालशे!" मामाच्या मनात होतं, एक फेरी निघेल, तोवर नवी नळी येईल. कॅप्टनला वाटलं, दिवस निघेल. दुपारी विमान बारडोलीकडच्या उसात पडलं. कॅप्टन वाचला, पण खांद्याचं हाड मोडलं ते मोडलंच. बिचारा नंतरही म्हणायचा, दगडू खोटं बोलला नाही, मी विचारलं एक आणि त्यानं सांगितलं दुसरं.

त्यानंतर शेठनं देखरेखीला नेमलेले हे नचालेलकर आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, बडोद्याचे, सडसडीत, भांग पाडल्यासारख्या मिशा. आवाज कधी चढवायचे नाहीत. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे, ड्रम धुणाऱ्यालासुद्धा. आम्हाला 'अबे' ऐकायची सवय. त्या 'तुम्ही'नं अंगावर काटा यायचा. "तुम्ही हा नट परत काढा." "तुम्ही हात पुसून या." त्यापेक्षा कुणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

'चालेल' बंद, मग बोलायचं काय? तेही त्यांनीच ठरवलं. कुठल्याही भागाबद्दल विचारलं तर तीनच उत्तरं द्यायची. बदललं. बदलायचं आहे. ठाऊक नाही. "चौथं उत्तर नाही," ते म्हणाले. पहिली दोन कशीबशी गळी उतरली. तिसरं मात्र कुणाच्या जिभेवर येईना. ज्याला कामावर ठेवलंय त्यानं साहेबाच्या तोंडावर 'ठाऊक नाही' म्हणायचं? आमच्यात असं म्हणणारा दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गावी गेला असता.

आम्ही वाटा शोधल्या. आमच्या अहिराणीत चालेलला 'चाली' म्हणतात. ते बडोद्याच्या माणसाला कुठून कळणार? झालं, शेडभर 'चाली, चाली जाई' सुरू झालं. चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी नचालेलकर चहाचा पेला हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "'चाली'सुद्धा नको." त्यांना कुणी चुगली केली हे आम्ही फार दिवस शोधत होतो. कुणीच केली नव्हती. ते नुसते कान देऊन उभे राहिले होते. त्याचा आम्हाला जास्तच राग आला.

खंडेनवमीला आम्ही पाने, हातोडे मांडून पूजा केली आणि इंजिनाला झेंडूचा हार घातला. यांनी येऊन तो उतरवला. आधी नमस्कार केला, मग उतरवला. "फुलं हत्यारांना वाहा. इंजिन पाकळ्या आत ओढतं." म्हणणं बरोबर होतं, पण सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर! त्या दिवशी त्यांना प्रसाद कुणी दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. पेढ्यांचा पुडा समोर फिरत राहिला आणि ते स्प्रिंगा निरखत बसले.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मामाचं गिळता आलं नाही. आल्यावर आठवड्याभरात त्यांनी मामाला सगळ्यांसमोर बोलावलं, एक स्प्रिंग त्याच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "मिस्त्री, ही अजून किती दिवस काम देईल?"

मामानं ती दाबून पाहिली. "पुरी पडी, सायेब." पुरेल, असं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

मामानं ती पुन्हा दाबून पाहिली. नचालेलकरांनी ती काढून घेतली. मग म्हणाले, "तुमचा हात सोन्याचा आहे, मिस्त्री. जीभ खोटी आहे. ज्या दिवशी 'ठाऊक नाही' म्हणाल, त्या दिवशी इंजिनावर परत या. तोवर रॉकेलची परात."

परात म्हणजे सुट्या भागांचं वंगण धुवायची जागा. नव्यानं लागलेल्या हेल्परचं काम. मामा तिथे जाऊन बसला आणि बसूनच राहिला. मिशा पांढऱ्या झालेला माणूस उकिडवा बसून ब्रशनं नट घासतोय आणि त्यानं शिकवलेली पोरं इंजिनावर उभी आहेत, हे मी रोज पाहत होतो. रात्री खोलीवर त्याच्या हातचा रॉकेलचा वास भाकरीला लागायचा. मी म्हणालो, "मामा, म्हण ना एकदा. नुसता शब्द आहे." तर माझ्यावरच उखडला. "सारी उमर मी मशीनं चालाडी. आते त्याले सांगू, माले माहीत नई म्हनीसन? त्यापेक्षा परात बरी." नचालेलकरांचा हट्ट आणि मामाचा हट्ट यांत मी दळून निघत होतो, आणि दोष मी पुरता साहेबांना देत होतो. आजही बराचसा देतो.

त्यांचं खरं रूप एकदा दिसलं, तेव्हाही मला ते आवडलं नव्हतं. ऐन फवारणीचे दिवस होते. कापसावर कीड पडलेली, शेतकरी शेठच्या पेढीवर बसून राहिलेले. विमान निघणार, एवढ्यात नचालेलकरांनी चिंधूला विचारलं, पंखाचा अमुक बोल्ट आवळला का? चिंधू गडबडला. मामा परातीवरून पाहत होता. चिंधूच्या तोंडून निघून गेलं, "ठाऊक नाही." विमान थांबलं. शेठ मोटारीतून उतरला आणि त्यानं खास सुरती शिव्यांचा पाऊस पाडला. त्यात चिंधूची आई, बहीण कुणी सुटलं नाही. नचालेलकर चिंधूच्या पुढे जाऊन उभे राहिले. "शेठ, त्यांनी 'ठाऊक नाही' म्हटलंय. आता आपण ठाऊक करून घेऊ." सगळं उघडलं. बोल्ट घट्ट होता. काहीही बिघडलेलं नव्हतं, सबंध दिवस वाया गेला. शेठ म्हणाला, "हवे शुं?" म्हणजे, आता काय? हे शांतपणे म्हणाले, "आता ठाऊक आहे."

चिंधूची नोकरी राहिली. त्या दिवसापासून तो त्यांना नचालेलकर म्हणेनासा झाला, साहेब म्हणू लागला. हळूहळू बाकीचेही 'ठाऊक नाही' म्हणू लागले, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. मीही म्हणू लागलो. मामा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

हा रोग पुढे माझ्या घरातही शिरला. माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांसमोर मेहुण्यानं विचारलं, "काय भाऊजी, मुलगा चालेल ना?" मी सवयीनं बोलून गेलो, "ठाऊक नाही." बायकोनं मला आत नेऊन जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी खरंच चौकशी केली, खरंच ठाऊक करून घेतलं, आणि मगच होकार दिला. त्याचं श्रेय मी या माणसाला देत नाही. पण ते त्यांचंच आहे.

शेडमध्ये त्यांनी शब्दाला बंदी घातली, सुरतेत कशी घालणार? त्यांची एक जुनी स्कूटर होती. ब्रेकची तार विरलेली होती म्हणून त्यांनी ती चौकातल्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, "चालशे साहेब, हजी तो घणी चालशे." अजून पुष्कळ चालेल. शेडवर यायची घाई असेल, किंवा त्या दिवशी थकले असतील, ऐकून निघाले. वळणावर तार तुटली आणि स्कूटर समोरच्या बैलगाडीवर जाऊन आदळली. उजवा पाय गुडघ्याखाली चुरा झाला. बातमी शेडमध्ये आली, मेकॅनिक काय म्हणाला होता तेही आलं, आणि खोटं कशाला बोलू, दोघेतिघे हसले. एकजण तर "चालशे!" असं ओरडलासुद्धा. मामा परातीवरून उठला, त्यानं त्या माणसाकडे नुसतं पाहिलं आणि मला म्हणाला, "चाल, दवाखानामा जाऊ."

तसाच उठून आला, हातसुद्धा न धुता.

खाटेवर नचालेलकर लहान दिसत होते. बडोद्याहून त्यांची बहीण आली होती, ती पायथ्याशी बसून रडत होती. डॉक्टर तरुण होता, हसतमुख. तो तिला समजावत होता, "काका चालशे, बेन. चालशे शुं, दोडशे!" चालतील काय, धावतील. बहीण डोळे पुसून म्हणाली, "ऐकलंस ना दादा? चालशील तू." शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही मान हलवत म्हणाला, चालशे, चालशे. नचालेलकर छताकडे बघत होते. जिथेतिथे तोच शब्द, आणि उठून बंदी घालायची सोय नव्हती. त्यांचा चेहरा पाहून माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली याची लाजही वाटली.

मग त्यांना मामा दिसला. म्हणाले, "मिस्त्री, पुढे या. तुम्ही बघा."

मामा पुढे झाला. डॉक्टर काही म्हणायच्या आत त्यानं चादर थोडी बाजूला केली. सुजलेल्या बोटांवर हलका हात ठेवला, पट्टीच्या कडेनं पाहिलं, पाय कुठल्या बाजूला झुकलाय तेही पाहिलं. एखादं इंजिन आतून ऐकावं तसा तो वाकून उभा होता.

"सांगा," नचालेलकर म्हणाले. "चालेन का मी?"

इतक्या महिन्यांत, बंदी घालण्यापलीकडे, त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मामानं चादर नीट केली. बहीण आशेनं त्याच्याकडे बघत होती.

"माले माहीत नई, सायेब."

बहिणीनं तोंडाला पदर लावला. डॉक्टर चिडून मामाला बाहेर जायला सांगू लागला. नचालेलकरांनी डोळे मिटले, आणि माझी शपथ, त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी मामाचा हात शोधून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"उद्यापासून इंजिनावर," ते म्हणाले. मग नाक आक्रसून, "आणि आधी हात धुवा. रॉकेलचा वास येतोय."

ते पुन्हा शेडवर आले नाहीत. बहीण त्यांना बडोद्याला घेऊन गेली. पुढे चालले की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा मला त्यांचा पुन्हा संताप आला होता. एवढे महिने परातीवर बसवलं कुणी, आणि वास कुणाला येतो! मी तसं बोलूनही दाखवलं. मामा पायरीवर थांबला, दोन्ही तळहात नाकाशी धरले आणि भर रस्त्यात लहान पोरासारखा रडायला लागला.

"खरंच वास येस रे, भाचा," तो म्हणाला.