शेपटीवाली चकती

मासिकात लोकांचे न उलगडणारे, चमत्कारिक अनुभव येतात ते मी भाजी निवडता निवडता वाचते आणि हसते. शिक्षण चौथीपर्यंतच, पण असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही. हे माझ्यासोबतच घडलं म्हणून वहीत लिहितेय... पाठवायचं धाडस नाही.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमचं घर. पुढच्या खोलीत ह्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान. लग्नाचे व्हिडिओ काढणारी पल्लवी एक जुनी सिनेमाची झूम लेन्स घेऊन आली. तिच्या नव्या कॅमेऱ्यावर ती बसवायची होती. ह्यांनी दोन्ही जोडणारी मधली रिंग लेथवाल्याकडून करून आणली. पण लेन्स आणि कॅमेऱ्यातलं अंतर केसभरही चुकून चालत नाही. चुकलं तर झूम करून स्पष्ट केलेलं चित्र मागं नेताना धुरकट होतं. म्हणून रिंगेखाली पितळेची, कागदासारखी पातळ चकती घालतात. ती पॉलिश पेपरवर घासायचं काम बारा वर्षं माझं. वरची बाजू कळावी म्हणून मी सुईनं ठिपका देते. त्या दिवशी सुई घसरली आणि ठिपक्याला शेपटी आली.

हे चकती बसवत होते. पल्लवी माझ्या स्टुलावर बसलेली.

"वहिनी, पुढची चकती मी घासू का?"

"शिकव गं तिला," हे म्हणाले. "पोरगी लई हुशार हाय."

बारा वर्षांत मला कधी हुशार म्हणाले नव्हते.

दुपारी हे तिला गाडीवर मागं बसवून लेथवाल्याचं दुकान दाखवायला गेले. मी रिंगेचे चार स्क्रू काढले, चकती काढून घेतली, रिंग परत घट्ट केली. चकती काडेपेटीत, काडेपेटी डाळीच्या डब्यात. माझ्यावाचून अडावं, एवढंच मनात होतं.

दोघं आल्यावर कॅमेरा समोरच्या किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर रोखला. पल्लवीनं तारीख जवळ ओढली, स्पष्ट केली, मग हळूहळू मागं नेलं... चित्र जरासुद्धा धुरकटलं नाही.

"वहिनी, काय हात आहे तुमचा."

मी आत जाऊन डबा उघडला. चकती काडेपेटीतच होती. वाटलं, म्हणजे माझ्या चकतीची गरजच नव्हती. ते मला फार लागलं.

आठ महिन्यांनी लेन्स सफाईला आली. ह्यांनी रिंग खोलली आणि तळहात माझ्यापुढं धरला.

"बघ, तुझी शेपटीवाली. कुणाच्या रागात सुई घसरली व्हती गं?"

"कुणाच्या नाय," मी म्हणाले.

हे जेवायला बसल्यावर मी काडेपेटी आणली. दोन्ही चकत्या एकमेकींशेजारी ठेवल्या. तीच शेपटी, तेवढीच, त्याच बाजूला वळलेली. बोटालाही फरक लागेना. मी एकच घासली होती... ह्यांना विचारावं, तर मी ती का काढली होती, हे आधी सांगावं लागेल.

एक परत लेन्समध्ये गेली, एक डाळीच्या डब्यात आहे. कुठली कुठं, ते मला आता सांगता येत नाही.

पल्लवी अजून येते. घासतेही बरी. ठिपका मात्र मी तिला देऊ देत नाही.