बैलांची उरलेली हळद

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी गोठ्यातून हळद आणि लोण्याचा वास आला की मला वडिलांचा तो डाग पडलेला बनियन आठवतो. त्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला होता. जखम कोरडी ठेवा, तिला काही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून बैलांचे खांदे मी मळले आणि वडील बाजेवर बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बनियनवर, नेमका जखमेपाशी, ओलसर पिवळा डाग दिसला. पू झाला, आता मशीन काढावं लागणार, या धास्तीनं मी त्यांना गाडीत बसवलं. शेवगावपासून नगरपर्यंत मी बडबडत होतो, ते मात्र धुवायला चाललेले बैल बघत होते. दवाखान्यात सिस्टरनं पट्टी उचलली, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, “बाबा, हळद कुणी लावली?” वडील मान खाली घालून म्हणाले, “बैलांची उरली हुती. माझाबी खांदाच हाय की.” डॉक्टरांनी जखम पुसून नीट तपासली. पू नव्हता, टाके जागच्या जागी होते. ते वडिलांवर चांगलेच रागावले, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून कितीतरी वेळ एकटाच हसत राहिलो. आता तिथं बोटभर व्रण उरलाय. बैलांचे खांदे पुन्हा वडीलच मळतात. ते उठले की मी तांब्या घेऊन मागोमाग जातो आणि बोटांवरची हळद निघेपर्यंत पाणी घालत राहतो.