एका पेटीला दोन पोरी

मी मानवत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. स्वयंपाकखोलीची खिडकी बाजाच्या पेटीच्या वर्गात उघडते. डाळ शिजेस्तोवर खिडकीतून जे दिसतं ते घरी सांगायचं म्हणते, आणि राहून जातं. असं इतकं साठलंय की आता लिहूनच काढते. त्या वर्गातली एक पोरगी माझीच आहे. गौरी, तिसरीत. घरी बोलून बोलून मला झोपू देत नाही, शाळेत मात्र तीन वर्षांत एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. परभणीचे डॉक्टर म्हणाले, "बोलेल." कधी, ते नाही सांगितलं.

*

शाळेत पेट्या दोन, पोरं बावीस. म्हणून संगीताच्या सरांनी पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढून प्रत्येकाला एकेक पेटी करून दिली. घरी त्यावर बोटं फिरवायची.

आठ दिवसांनी एका पोराचे वडील आले. "सर, पोरगं तासभर पुठ्ठा बडवायलंय. आवाज तर कायबी येत न्हाई."

सर म्हणाले, "खरी पेटी घरी दिली की आवाजाची तक्रार घेऊन याल. आत्ता सुखात आहात."

*

सूर वाचायचा मोठा तक्ता सरांनी माझ्या खिडकीशेजारी लावला. सुराच्या डोक्यावर टिंब असलं की तो वरचा सूर, पायाशी असलं की खालचा.

दोन दिवस सगळी पोरं एकाच जागी किंचाळायची. सरांनी एकेकाला वेगळं उभं करून बघितलं. त्या जागी आलं की प्रत्येक जण वर चढायचा. शेवटी पुढच्या ओळीतलं पोरगं म्हणालं, "सर, तितं टिंब हाय की."

सरांनी नखानं खरवडलं. टिंब निघालं. मग खिडकीतून माझ्याकडं बघत म्हणाले, "ताई, खिचडीवर झाकण ठेवत जा. तुमच्या माशा गाणं शिकवायल्यात."

*

सूर म्हणायला सर एकेकाला उभं करतात. गौरीची पाळी आली की माझा जीव खिडकीत. एकदा ती उभी राहिली आणि तिनं चक्क तोंड उघडलं. मी पळी हातात धरून तशीच थांबले.

तिनं जांभई दिली आणि खाली बसली.

त्या दिवशी खिचडी बुडाला लागली. मोठ्या बाईंनी विचारलं तर मी म्हणाले, "गॅस मोठा झाला."

*

एका हातानं भाता मारायचा आणि दुसऱ्यानं पट्ट्या दाबायच्या, हे लहान पोरांना जमत नाही. म्हणून सर एका पेटीला दोघींना बसवतात. पट्ट्यांवर गौरी, भात्यावर सानिया. सानियाच्या तोंडाला मात्र सुट्टीच नाही.

तालुक्याच्या स्पर्धेला या दोघी जाणार म्हणल्यावर मी गॅस बंद करून वर्गात गेले. मी सरांना म्हणाले, "गौरीला नका नेऊ. परीक्षकांनी नाव इचारलं तर?"

"सानिया दोघींचं सांगेल," सर म्हणाले. "वरून तुमचंबी सांगेल."

*

मानवतच्या स्पर्धेत नावं सानियानंच सांगितली. पेटीसमोर माईक होता. गौरी कागदावरचे सूर वाचत बरोबर वाजवत होती. मी मागं पदर पिळत बसलेले.

निम्म्यात सानियाची नजर टेबलावरच्या बक्षिसांच्या ढालींवर गेली आणि हात थांबला. पेटीचा आवाज बसत बसत बंद झाला. गौरीची बोटं चालूच. सर उठायला लागले. मला वाटलं, झालं, आता ही पोरगी पेटीजवळसुद्धा बसायची नाही.

तेवढ्यात माईकमधून आलं, "ए सानिया, हवा मार की. किती येळ झालं, मी नुस्ती बोटं हालवायले."

लोक हसले. सानिया दचकून भाता मारायला लागली. गौरीनं पहिल्या ओळीपासून पुन्हा वाजवलं.

नंबर आला नाही. निघताना सरांनी जरा संकोचतच परीक्षकांचा कागद दाखवला. त्यावर लिहिलेलं, "वादन स्वच्छ. एक मुलगी स्टेजवर बोलते. दोन गुण वजा."

मी त्याचा फोटो काढून गौरीच्या पप्पांना पाठवला. ते टेम्पो घेऊन सेलूकडं निघालेले. लगेच फोन आला.

"ही सानियाच आसंल ना?"

"न्हाई," मी म्हणाले.

पलीकडं टेम्पो कडेला घेऊन बंद केलेला ऐकू आला.