सिद्धोधनरावांचं पार्थिव

सुलाबाईच्या जिभेला हाड नाही, असं पेडगावजवळची सारी वाडी म्हणायची. म्हणू द्या! चाळीस वर्षं नवऱ्याच्या, सिद्धोधनच्या बरोबरीनं तिनं लोकांच्या विहिरी खोदल्या. तो खाली पहार मारी, ती वरून माती ओढी. अशी बाई कुणाला भिणार होय?

तो सिद्धोधन परवा पहाटे गेला. उजाडल्यावर पंचायतीचा शिपाई बन्सीधर भोंग्यावर ओरडला, "सिद्धोधनचं मढं धा वाजता उचलणार हाय होऽ!"

सुलाबाई रडता रडता थांबली. महिन्याखाली बागायतदार व्यंकटराव वारले, तेव्हा ह्याच बन्सीधरनं "व्यंकटरावांचं पार्थिव" म्हणून भोंग्यावर गळा काढला होता.

"त्यायचं पार्थिव, अन् माझ्या मालकाचं मढं?" ती शाळेत शिकवणाऱ्या लेकीला, सुकेशनीला म्हणाली. "पोरी, पार्थिव म्हंजी काय गं?"

सुकेशनीनं डोळे पुसले. "पृथ्वीवरून आलाय शब्द, आई. पार्थिव म्हंजी मातीचं. मढंबी वाईट न्हाई. मृत म्हणता म्हणता झिजून मढं झालंय."

"झिजू दे. मातीचं म्हणलीस ना? बास!"

ती उठली. बाया आडव्या आल्या, "अगं, घरात मयत हाय, कुठं निघालीस?" पण ऐकेल तर ती सुलाबाई कसली!

पंचायतीत बन्सीधर चहा पीत बसला होता. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "पार्थिव म्हण."

"मावशी, ते मोठ्या लोकायचं असतंय," तो चाचरला.

"आरं, व्यंकटरावानं कवा मातीला हात लावला होता का? मघाशी आंघोळ घातली तर माझ्या मालकाच्या नखातली माती निघंना. अन् तू मला पार्थिव शिकवायलास?"

सुलाबाईनं माईक ओढला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं, तेही राव लावून.

"ऐका! सिद्धोधनरावांचं पार्थिव माझ्या दारात हाय. धा वाजता माती हाय. ज्यानं ज्यानं त्यायनी खांदलेल्या हिरीचं पाणी पिलंय, त्यानं मातीला यावं!"

दहाच्या आत दारात पाय ठेवायला जागा उरली नाही. व्यंकटरावांच्या बागेची विहीरही सिद्धोधनरावांनीच खोदलेली; त्यांची बायको बायनाबाई तर सगळ्यांच्या आधी आली.